नदीत कडक आले

दर रविवारी सकाळी अकराला जोमार्तचा फोन यायचा. तो रशियात, येकातेरिनबुर्गच्या एका गोदामात कामाला होता, राहायलाही तिथेच, आणि रविवारची सकाळ हीच त्याची मोकळी वेळ. "बरी आहेस ना, अपा?" तो विचारायचा. त्याची आई कालिपा म्हणायची, "बरी आहे, बाळा." मग गाय बरी आहे का, छप्पर गळतं का, थंडी किती, असं होत होत शेवटी यायचं, "हाडांच्या गोळ्या घेतेस ना?" "घेते." तीन-साडेतीन मिनिटांत बोलणं संपायचं. नंतर कालिपा फोन पालथा ठेवून बराच वेळ त्याच्याकडे बघत बसायची. सांगितलेल्यातलं गाईचं आणि गोळ्यांचं तेवढं खरं होतं.

कालिपाला बासष्ट वर्षं झाली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. नारीन खोऱ्याच्या वरच्या अंगाला, गावाच्या अगदी शेवटी, पुलाजवळ तिचं घर. पुलाच्या खांबावर पाण्याची पातळी मोजायची पट्टी ठोकलेली होती. सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला ती पट्टी वाचायची, वहीत लिहायची, नारीन शहरातल्या जलविभागाच्या कार्यालयाला फोनवर कळवायची, हे तिचं काम. आधी ते सासऱ्यांकडे होतं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी या धाकट्या सुनेला पुलावर नेलं, पट्टी कशी वाचायची ते दाखवलं आणि म्हणाले, "नदीला कशी आहेस म्हणून विचारत बसू नकोस, पोरी. मोज." त्याला आता एकतीस वर्षं झाली होती.

वहीत आकड्यांशेजारी शेऱ्याचा रकाना होता. उन्हाळ्यात बर्फ वितळून पूर आला, वरून मोठमोठे धोंडे गडगडत आले की कालिपा त्या रकान्यात लिहायची, 'नदीत कडक आले.' फोनवरही तसंच सांगायची. कार्यालयातला इसाकून नावाचा म्हातारा कारकून हसायचा आणि आपल्या कागदावर तो शब्द बदलून घ्यायचा. त्याला त्यामागचं कारण ठाऊक होतं. दवाखान्यात मात्र ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ही सगळी गोष्ट त्याचीच आहे.

दुखणं नऊ वर्षांपूर्वी सुरू झालं. आधी थकवा. गाईची धार काढून उठताना गोठ्याची चौकट धरावी लागे. मग तहान, सकाळची किटली दुपारपर्यंत रिकामी. मांडीची आणि पाठीची हाडं अशी ठणकायची की गादीखाली कुणी लाकडं ठेवलीत असं वाटावं. दोनदा कमरेत एका बाजूला अशी उबळ आली की ती जमिनीवर गुडघे टेकून ओणवी पडून राहिली. एकदा फाटक ओढताना मनगट मोडलं. फाटक जुनंच होतं, जोरही फारसा लावला नव्हता.

प्रत्येकाकडे याचं उत्तर तयार होतं. थोरली जाऊ बुरुल म्हणाली, कमरेत गारठा शिरलाय, आणि तिनं उंटाच्या लोकरीचा पट्टा विणून दिला. शेजारणीचं म्हणणं, नवऱ्याचं दुःख आत बसलंय, रड एकदा मोकळेपणी. दुकानदारीण म्हणाली, साठीनंतर सगळ्यांचंच असं होतं, माझं नाही का दुखत? आणि जोमार्तनं मनगट मोडल्याचं ऐकून रशियातून कॅल्शियमच्या गोळ्यांचे मोठाले डबे पाठवायला सुरुवात केली. गावाकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाबरोबर एक डबा. मुलगा पाठवतो म्हणून कालिपा त्या गोळ्या नेमानं घ्यायची. दोन सांगितल्या असताना कधी तीनही. त्या घेताना घरात कुणीतरी आहे असं वाटे.

मग मन मंदावलं. कपाट उघडून ती उभी राहायची आणि कशासाठी उघडलं ते आठवायचं नाही. शिर्डाकसाठी, म्हणजे नमद्याच्या गालिच्यासाठी, रंगवलेली लोकर दोन हिवाळे तशीच गाठोड्यात पडून राहिली. जेवायला एकटीसाठी काय मांडायचं म्हणून चहात पाव बुडवून ती वेळ भागवायची. कधी दिवसभरात तिचा आवाज दोनदाच निघे, आठला आणि पुन्हा आठला, आकडा सांगण्यापुरता.

सप्टेंबरच्या शेवटी बुरुल अचानक आली तेव्हा चुलीवर किटली कोरडी जळत होती आणि कालिपा शेजारीच बसलेली होती. बुरुलनं वही उघडली. पाच दिवस एकच आकडा, मधले दोन दिवस कोरे. तिनं तिथूनच जोमार्तला फोन लावला. तुझ्या आईचं डोकं जायला लागलंय, असं ती कालिपासमोरच म्हणाली, जणू कालिपा तिथे नव्हतीच.

जोमार्त दहा दिवसांत आला. येताना नवा डबाही आणला. त्यानं सगळं ठरवूनच आणलं होतं: घराला कुलूप, गाय बुरुलकडे, आईही बुरुलकडे, नदीचं काम गावातल्या दुसऱ्या कुणाला. त्यासाठी डॉक्टरचा कागद हवा होता, आईची स्मृती गेल्याचा. तो वाईट मुलगा नव्हता. कुलूप विकत घेताना त्यानं ते दोनदा परत ठेवलं, हे दुकानदारिणीनं पाहिलं होतं.

"तुला माणसांत राहायला मिळेल, अपा," तो म्हणाला.

कालिपा म्हणाली, "आणि नदी?"

"नदी काय, वाहीलच."

कालिपानं वही मिटून ठेवली. कोऱ्या राहिलेल्या दोन दिवसांची लाज तिला त्या कुलपापेक्षा जास्त वाटत होती.

तालुक्याच्या दवाखान्यात त्या वसंतात नवी डॉक्टर आली होती. बेगायीम तिचं नाव, वय तेहेतीस, राजधानीत, बिश्केकमध्ये वाढलेली. जोमार्तनं आईचं नदीचं काम, घराचा बेत, सगळं सांगितलं, कागद पुढे केला. बेगायीमनं तो बाजूला ठेवला आणि कालिपाला ताई या अर्थानं 'एजे' म्हणत विचारलं, "एजे, कधीपासून बरं नाही?" उत्तर जोमार्तनं दिलं. पुढचा प्रश्न विचारला, तोही त्यानंच उचलला. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आईशी बोलता कधी?"

"दर रविवारी. ती नेहमी म्हणते बरी आहे."

"मग तुम्हाला एवढंच माहीत आहे. मला त्यांच्याकडून ऐकू द्या."

तिनं कालिपाची जुनी फाइल उघडली. नऊ वर्षांत तीन डॉक्टर येऊन गेले होते. तिघांनीही तेच लिहिलं होतं: शौचाला कडक होते, जुलाबाचे औषध दिले. पुन्हा कडक, पुन्हा जुलाब. हे कडक अजून होतं का, असं तिनं विचारलं.

"शौचाला तर होतंच," कालिपा हळू म्हणाली. "पण ते कडक वेगळं."

"वेगळं कसं?"

"कमरेत उबळ येते. घाम फुटतो. मग कडक पडतं. पडलं की बरं वाटतं."

"शौचातून पडतं?"

कालिपानं मुलाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. तिचे हात कोटाच्या बाह्यांत गेले. बेगायीमनं पेन खाली ठेवलं. थोडा वेळ ती त्या बाह्यांकडे बघत राहिली आणि मग तिनं एक भलताच प्रश्न विचारला.

"एजे, तुमच्या सासऱ्यांचं नाव काय?"

कालिपा गप्प.

जोमार्तला वाटलं, ही आईची स्मृती तपासतेय. एक, दोन, तीन क्षण गेले. त्यानं मान खाली घातली. "पाहिलंत?" तो पुटपुटला. "घरातलं नावही राहिलं नाही तिला."

"राहिलंय," बेगायीम म्हणाली. "त्या घेणार नाहीत. तुम्ही नातू आहात, तुम्ही घ्या."

"ताशतेमिर," जोमार्त म्हणाला.

ताश म्हणजे दगड, तेमिर म्हणजे लोखंड. आपल्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, आणि त्या नावात दडलेला शब्दही घेत नाही. ज्या दिवशी लग्नाचा पांढरा रुमाल डोक्याला बांधला त्या दिवसापासून कालिपासाठी लोखंड म्हणजे 'काळं' आणि दगड म्हणजे 'कडक'. चाळीस वर्षांत एकदाही तिची जीभ चुकली नव्हती. बेगायीमच्या आजीच्या दिराच्या नावात लांडगा होता. म्हातारी मरेपर्यंत लांडग्याला 'शेपटीवाला' म्हणायची आणि शहरातली नातवंडं तिला हसायची. तीच आजी डॉक्टरला आता आठवली होती.

"म्हणजे कडक नव्हे, ताश!" जोमार्त एकदम म्हणाला. "तुला मुतखडे होते, अपा?"

कालिपानं कोटाच्या आतल्या खिशातून काड्यापेटी काढली आणि टेबलावर ठेवली. कापसात दोन खडे होते, गव्हाच्या दाण्याएवढे, करडे, खरखरीत. नऊ वर्षं दवाखान्यात येताना ती ही पेटी बरोबर आणायची आणि तशीच परत न्यायची. पुढ्यात परका पुरुष, पाठीमागे दारात माणसांची रांग, लघवीचं बोलणं, आणि त्यातून तो शब्द.

बेगायीमनं खडे उजेडात धरले. मग ती बोलली, शिक्षिका मुलांशी बोलते तसं नव्हे, धाकटी बहीण थोरलीशी बोलते तसं.

"एजे, तुमच्या सासऱ्यांनी तुम्हाला या अवस्थेत पाहिलं असतं तर काय केलं असतं?"

कालिपाला विचार करावा लागला नाही. "घोड्यावर घालून इथे आणलं असतं. आणि दारात उभं राहून तुमच्यावर ओरडले असते."

"मग त्यांचा मान राखण्यासाठी तुम्ही आजार लपवला, हे त्यांना आवडलं असतं? मान मनात असतो. आजार नावानं सांगावा लागतो, नाहीतर आम्ही दुसऱ्याच दुखण्याला औषध देत बसतो." मग ती जोमार्तकडे वळली. "आणि चूक यांची एकट्यांची नाही. आमच्यातल्या कुणी विचारलं नाही, कडक म्हणजे काय. बाई म्हातारी, एकटी, थकलेली. आपण म्हणतो, वय झालं. या रोज दोनदा नदी मोजतात. यांचं रक्त नऊ वर्षांत किती वेळा मोजलंत?"

"एकदाही नाही," जोमार्त म्हणाला.

तो कागद तिनं सही न करताच परत दिला. आधी मोजू, म्हणाली.

दोन दिवसांनी आकडा आला. रक्तात कॅल्शियम २.९८. ते साधारण २.५५ च्या आत असावं. मग बिश्केकला पाठवलेल्या रक्ताचा निकाल आला. पॅराथायरॉइड ग्रंथीचा रस हवा त्याच्या पाचपट. बेगायीमनं कागदावर गळा काढून दाखवला. तिथे थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तात चुना, म्हणजे कॅल्शियम, कमी पडला की त्या हाडांना सांगतात, थोडा सोडा. पुरेसा झाला की गप्प बसतात. तुमची एक ग्रंथी गप्प बसायचं विसरली आहे, बेगायीम म्हणाली. ती मोठी झाली आहे आणि सारखा चुना मागते आहे. म्हणून हाडं पोकळ होतात, चुना मूत्रपिंडात जाऊन त्याचे दगड होतात, शौचाला कडक होतं, तहान लागते. आणि मन काळवंडतं, विसरायला होतं. "वेड नाही हे. स्मृतिभ्रंशही दिसत नाही. ग्रंथी काढली की मन किती निवळेल ते आधी सांगता येत नाही, पण बऱ्याच जणांचं निवळतं."

डॉक्टरला दाखवायला आणलेला गोळ्यांचा डबा टेबलावर होता, जोमार्त त्याच्याकडे बघत होता. "मग मी काय पाठवत होतो तिला?"

"न मोजता दिलेलं औषध," बेगायीम म्हणाली. "डबा आता बंद ठेवा. टाकू मात्र नका."

न टाकण्याचं कारण नोव्हेंबरात कळलं. बिश्केकला गळ्याची तपासणी झाली, डाव्या बाजूची खालची ग्रंथी सापडली, आणि शल्यचिकित्सकानं ती काढली. जर्दाळूच्या बियेएवढी होती. काढल्यावर थोड्याच वेळात रक्तातला तो रस उतरला. दुसऱ्या दिवशी कालिपाच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या यायला लागल्या. इतकी वर्षं लुटली गेलेली हाडं आता रक्तातला चुना परत ओढून घेत होती. डॉक्टर म्हणाले, हाडं भुकेली आहेत, काही आठवडे मोजून कॅल्शियम द्यावं लागेल. जोमार्तनं पिशवीतून डबा काढला. झाकण उघडताना तो हसत होता, आणि मग एकाएकी त्याला हसता येईना.

आवाजाची नस गळ्यात त्या ग्रंथीजवळूनच जाते, म्हणून शल्यचिकित्सक फेरीला आले की प्रत्येकीला बोलायला लावत. ते कालिपाजवळ थांबले. तुम्हाला काय त्रास होता, मोठ्यानं सांगा, म्हणाले. खोलीत दोन शिकाऊ डॉक्टर होते, चार अनोळखी बायका होत्या, आणि पायथ्याशी मुलगा.

कालिपानं डोळे मिटले. पुलावर उभ्या राहिलेल्या एका म्हाताऱ्या माणसाची तिनं मनातल्या मनात क्षमा मागितली.

"ताश," ती म्हणाली.

आवाज घोगरा होता. पण होता.

पंधरवड्यानं जोमार्तनं तिला घरी सोडलं. कुलूप त्यानं गोठ्याच्या दारासाठी वापरलं. बुरुल गाय घेऊन आली आणि दारात उभी राहूनच बराच वेळ दोर गुंडाळत राहिली. शेवटी म्हणाली, "माझ्या तोंडातही तोच शब्द गं. तू कडक पडलं म्हणालीस तेव्हा मला कळलं होतं. मला कळलं म्हणजे डॉक्टरांनाही कळलं असेल, असं वाटलं मला."

"आणि डोकं गेल्याचं?"

"ते माझंच गेलं होतं," बुरुल म्हणाली आणि आत येऊन चहाला बसली.

दुसऱ्या दिवशी जोमार्त परत गेला. त्याला जावंच लागणार होतं. बुरुलही आपल्या घरी गेली. घर पुन्हा पहिल्यासारखं शांत झालं. हाडांचा ठणका कमी झाला होता, कपाट उघडल्यावर कशासाठी ते आठवत होतं, लोकरीचं गाठोडंही तिनं सोडलं होतं. पण ताट एकच होतं. उलट, मनावरचं धुकं विरल्यावर रिकाम्या खोल्या तिला जास्त स्पष्ट दिसू लागल्या. डॉक्टरांनी ग्रंथी काढली होती. एकटेपणा कापून काढता येत नाही.

सकाळी आठला ती पुलावर गेली. काठाला बर्फ धरलं होतं, मधून काळं पाणी वाहत होतं. तिनं पट्टी दोनदा वाचली, आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात थोडं थांबून लिहिलं, 'काठाला बर्फ. पाणी उतरले. दगड उघडे.' मग तसंच फोनवर वाचून दाखवलं.

पलीकडे इसाकूननं सगळं जसंच्या तसं उतरवून घेतलं. "कालिपा," तो म्हणाला, "आज तू माझ्यासाठी काही काम ठेवलं नाहीस." मग त्यानं विचारलं, "बरी आहेस ना?"

"बरी होतेय," ती म्हणाली. हे उत्तर तिनं मोजून दिलं होतं.

रविवारी अकराला फोन आला. जोमार्तनं गाईचं विचारलं नाही, छपराचं विचारलं नाही. आज कुठे दुखतंय, असं विचारलं. कालिपानं सांगितलं: डावी मांडी थोडी, ओठांच्या मुंग्या परवापासून नाहीत, गळ्याचा टाका खाजतो. मग ती थांबली. आणखी एक शब्द होता, जो तिनं आजवर कुणापुढे काढला नव्हता. त्यात कुणाचं नावही दडलेलं नव्हतं, तरी तो जिभेवर येत नव्हता.

"आणि एकटं वाटतं, बाळा. संध्याकाळी आठनंतर फार."

येकातेरिनबुर्गच्या गोदामातली मोठी दारं लांबवर बंद झाल्याचा आवाज आला. जोमार्त त्या आवाजापासून दूर आपल्या खोलीत गेला. मग म्हणाला, "फोन ठेवू नकोस. चहा टाक. मीही टाकतो इथे." त्या दिवशी बोलणं सत्तेचाळीस मिनिटं चाललं. त्यातला बराच वेळ दोघं गप्पच होते, फक्त दोन्हीकडे किटल्या वाजत होत्या. तेव्हापासून तो रोज संध्याकाळी सव्वाआठला फोन करतो.

माझ्या गावकऱ्यांनो, आपल्याही घरी कुणीतरी 'बरी आहे' म्हणत असेल. थकलेली आई, सारखी पाणी पिणारी काकी, फाटक ओढताना मनगट मोडलेली शेजारीण. वय झालं म्हणून सोडून देण्याआधी एकदा तिचं रक्त तपासून घ्या. एक साधा आकडा असतो. न मोजता गोळ्या देऊ नका, त्या कितीही मायेनं आणलेल्या असोत. आणि बायांनो, थोरांचा मान जरूर राखा, पण दुखण्याला त्याच्या नावानं हाक मारा. ज्यांनी आपल्यावर माया केली, ते आपल्या नाव न घेण्यानं मोठे होत नाहीत, आणि नाव घेतल्यानं लहान होत नाहीत.

ताशतेमिरनी सुनेला नदी मोजायला शिकवलं होतं. ते तिला स्वतःलाही लागू होतं, हे कळायला तिला एकतीस वर्षं लागली. आपल्याला तेवढी लागू नयेत.